कूलरचा स्ट्रायकर

माझ्या आईकडे स्ट्रायकर चार होते आणि मुली दोन. स्ट्रायकरांतला कोणता कधी बाहेर काढायचा आणि कोणता डब्यातच राहू द्यायचा, हे तिला नेमकं कळायचं. मुलींच्या बाबतीत तिने एवढा विचार केला नाही. थोरलीला लवकरच उमरखेडला देऊन ती मोकळी झाली. मी माझं लग्न माझ्या मनाने केलं, ते मोडलं, आणि बॅगा घेऊन यवतमाळला तिच्याच घरी परत आले. त्या दिवशी तिने दारात उभं राहून आधी बॅगांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कॅरम तरी खेळता येते ना अजून? का थेही तिकडंच टाकून आली?"

आई तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाली होती. कचेरीत लोक तिच्या टेबलापुढे उभं राहायला घाबरत. निवृत्तीनंतर एवढी चांगली जमवलेली दहशत वाया कशाला घालवायची, म्हणून तिने आमच्या भागातल्या महिला मंडळाकडे मोर्चा वळवला. मंडळात भजन होतं, हळदीकुंकू होतं, कुरडयांच्या ऑर्डरी होत्या. आईला त्यातल्या कशाचंच सोयरसुतक नव्हतं. तिचा डोळा मे महिन्यातल्या कॅरमच्या सामन्यांवर असायचा. ते ती वर्षानुवर्षं जिंकत आली, आणि जिंकल्यावर समोरच्या बाईला दोन शब्द सुनावल्याशिवाय तिला जिंकल्यासारखं वाटत नसे. एकीला ती म्हणाली होती, "तुमी घरी जा बाप्पा, कुकर लावायची येळ झाली." त्या बाईंनी पुढच्या वर्षी नाव दिलं नाही.

बहुतेक घरांत स्ट्रायकर एकच असतो आणि तो हरवला की बाटलीच्या झाकणावर काम भागतं. आईला हे ऐकूनही शिसारी यायची. बोर्ड सगळीकडे सारखा नसतो, आणि एकच बोर्ड बारा महिने सारखा राहत नाही, हे तिचं म्हणणं होतं आणि ते खरं होतं. आमच्याकडे होळी झाली की कूलर बाहेर निघतात. मग मृग लागेपर्यंत घरात तीच ओलसर हवा, वाळ्याचा वास, अंगाला चिकटणाऱ्या चादरी. डब्याबाहेर राहिलेला पापड सादळतो तसा बोर्डही सादळतो. पावडरच्या बारीक गुठळ्या होतात, सोंगटी अर्ध्या वाटेत रेंगाळते, भोकाच्या तोंडाशी जाऊन बसते. अशा बोर्डाला जड स्ट्रायकर लागतो, सोंगट्यांना रेटून नेणारा. आई त्याला कूलरचा म्हणायची. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की तोच बोर्ड पळायला लागतो. तिथे जड स्ट्रायकर घेतला तर तो सोंगटीच्या मागोमाग स्वतःही भोकात जातो आणि दंड होतो. त्यासाठी हलका, तो हिवाळ्याचा. पावसाळ्यात चौकट फुगते आणि कडेला लागलेला स्ट्रायकर धड परत येत नाही, त्यासाठी एक हिरवा. आणि चौथा उमरखेडी. ताईच्या सासरचा बोर्ड इतक्या लोकांनी इतकी वर्षं घासला होता, की त्याच्यावर फुंकर मारली तरी सोंगटी हलेल असं वाटायचं. त्या एका घरासाठी आईने वेगळा स्ट्रायकर ठेवला होता. लेकीच्या सासरी जाऊन व्याह्यांना हरवायला.

हे चारही ती मसाल्याच्या जुन्या डब्यात ठेवायची. एकेका वाटीत एकेक, खाली चिमूटभर बोरिक पावडर. डबा कितीही घासला तरी त्याचा जिऱ्याचा वास गेला नव्हता, आणि मंडळात तो उघडला की बायका हसायच्या. नंतर खेळायला बसल्यावर त्यांचं हसू जायचं.

यातली खरी मेख म्हणजे कूलरचा आणि हिवाळ्याचा, हे दोन्ही दिसायला हुबेहूब एक होते. तोच सायीचा रंग, तोच आकार, मध्ये तेच लाल वर्तुळ. आईने ते नागपूरच्या एका दुकानात बसून मुद्दाम असे जुळवून आणले होते. आपण जड काढला की हलका, हे समोरच्या बाईला कळू नये म्हणून. मंडळाचा नियम असा होता, की गेम सुरू होताना जो स्ट्रायकर बोर्डावर ठेवला तो गेम संपेपर्यंत बदलायचा नाही. त्यामुळे सगळी परीक्षा त्या पहिल्या निवडीत असायची. आई एका हाताचा तळवा बोर्डावरून हलकेच फिरवायची, बोटांवर आलेली पावडर अंगठ्याने चोळून पाहायची, मग डब्यातला एक स्ट्रायकर चिमटीत धरून डोळे मिटायची. क्षणभर तोलायची. "हां, हाच," म्हणायची आणि ठेवून द्यायची. चुकल्याचं मला आठवत नाही.

मंडळात तिची जिवाभावाची म्हणावी अशी एकच मैत्रीण होती. आम्ही तिला मावशी म्हणायचो. दोघी एकाच वर्षी कचेरीत लागलेल्या, एकाच डब्यात जेवलेल्या, आणि दुहेरीत आई कायम तिच्याच सोबत खेळायची. काही वर्षांपूर्वी मावशीच्या उजव्या हाताला कंप सुटला. आधी थोडा, मग चहाची बशी वाजेल इतका. तरी ती खेळायची, आणि नेम धरायला तिला वेळ लागायचा. एकदा दुहेरीचा सामना हातचा गेला, आणि भरल्या हॉलमध्ये आई तिला म्हणाली, "तू आता पॉइंट लिहीत जाय व. तुहा हात नाचते अन् लोकायले वाटते लावणी सुरू झाली." सगळ्या हसल्या. मावशीही हसली. दुसऱ्या दिवसापासून ती बोर्डाशेजारच्या खुर्चीवर बसून पॉइंट लिहायला लागली. त्यानंतर ती कधी खेळली नाही आणि आईनेही तिला कधी विचारलं नाही. मंडळात त्या खुर्चीवर जाणं म्हणजे काय, ते त्या दिवसापासून प्रत्येकीला माहीत होतं. आईला तर सगळ्यांत जास्त.

म्हणूनच, जेव्हा तिची स्वतःची बोटं गेली, तेव्हा ती घाबरली.

मला ते तुरीच्या शेंगा सोलताना कळलं. थंडीचे दिवस होते, राळेगावच्या नातेवाइकांनी शेतातल्या हिरव्या शेंगा पोतं भरून पाठवल्या होत्या, आणि आम्ही दोघी अंगणात सोले काढत बसलो होतो. तिच्या ताटलीतल्या हिरव्या दाण्यांवर लाल काहीतरी दिसलं. तिच्या बोटाला बाजूला पडलेल्या विळीचं पातं लागलं होतं, चांगलं खोल, आणि ती आपली शेंगा सोलत होती. मी हात धरला तेव्हा तिने आधी माझ्यावर डोळे वटारले आणि मग बोटाकडे पाहिलं. साखर तिला कित्येक वर्षं होतीच. डॉक्टर म्हणाले, बोटांच्या नसा बधिर झाल्यात, परत येणार नाहीत, आता जपून राहा. घरी आल्यावर आईने मला समोर बसवलं.

"मंडळात कोनाले कळालं तर याद राखजो," ती म्हणाली.

"बोटं बधिर झाल्यानं खेळता थोडीच येत नाही," मी म्हटलं. "नेम तर तुझा डोळ्यात आहे."

"नेम डोळ्यात असते. वजन बोटात असते. मले आता कूलरचा कोन्ता अन् हिवाळ्याचा कोन्ता, समजून नाई राह्यलं."

मी म्हटलं, एकावर पेनने बारीक खूण कर. ती माझ्याकडे अशी पाहायला लागली, जसं मी तिला गल्लीत भीक मागायला सांगितलं. खूण दिसली की कोणीतरी विचारणार, खूण कायले. आणि एकीला शंका आली की आई पॉइंट लिहायच्या खुर्चीवर जाणार. तिला त्या खुर्चीवर बसायचं नव्हतं, एवढाच तिच्या उरलेल्या आयुष्याचा कार्यक्रम होता. तो तिने माझ्या गळ्यात घातला.

तेव्हापासून तिची बोटं मी झाले. रोज संध्याकाळी शाळेतून पेपरांचा गठ्ठा घेऊन मी घरी यायची, आणि आई स्वयंपाकघरात फरशीवर बोर्ड टाकून तयार असायची. बोर्डावरून तळवा फिरव. पावडर चोळ. सांग, सादळला की कोरडा. चिमटीत धर, अंगठ्याने नाही, मधल्या बोटाने तोल. चुकले की बोलणी, बरोबर आलं तरी बोलणी. "शाळेत पोरायले काय शिकवते तू? तुलेच हात नाई." "बापावर गेली. त्यायलेही वांगं घेता येत नव्हतं बाजारातून." बाबा जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण त्यांची वांगी तिने सोडली नव्हती. एकदा मी रागाने स्ट्रायकर भिंतीवर फेकला. तिने तो उचलला, पदराने पुसला, वाटीत ठेवला आणि म्हणाली, "नवऱ्यावर असंच फेकत होती काय?" मी उठून बाहेर गेले आणि तास-दीड तासाने परत आले. ती त्याच जागी बसून होती. "चाल, पुन्हा तोल," म्हणाली.

शिकवलं मात्र तिने असं, की आजही कोणी माझ्या हातात दोन नाणी ठेवली तर जुनं कोणतं हे मी डोळे मिटून सांगेन. त्याबद्दल तिचे आभार मानावेत का, हे मी अजून ठरवलेलं नाही.

सामन्यांत आमचं ठरलेलं असायचं. मी फडक्याने बोर्ड पुसायला पुढे व्हायची, मुलगी आईची सेवा करते म्हणून बायका कौतुकाने बघायच्या. पुसता पुसता मी बोर्ड वाचायची. मग डब्यातून स्ट्रायकर काढून आईच्या हातात द्यायची. ती तो चिमटीत धरायची, डोळे मिटायची, क्षणभर तोलल्यासारखं करायची आणि म्हणायची, "हां, हाच." इतकं झकास करायची, की कधीकधी मलाच वाटायचं तिची बोटं परत आली. तशी ती दोन वर्षं खेळली. नाजूक कट सोडून दिले आणि सरळ, दणदणीत मारायला लागली. बायका म्हणायच्या, बाईंचा खेळ वयाने आणखी तिखट झाला.

गेल्या उन्हाळ्यात सेमीफायनलला मी घोळ केला. हॉलचे दोन्ही कूलर सुरू होते, पण त्यातल्या एकाचं पाणी संपलं होतं आणि तो नुसतीच गरम हवा फेकत होता. बोर्ड अर्धा सादळलेला, अर्धा कोरडा. मी आधी आईला हलका दिला. तिने डोळे मिटले, तोलला, "हां, हाच," म्हणाली. तेवढ्यात कोणीतरी कूलरमध्ये पाणी टाकलं. गेम अजून सुरू झाला नव्हता, म्हणून मी तिच्या हातातून तो घेऊन जड दिला. तिने पुन्हा डोळे मिटले, पुन्हा "हां, हाच." मावशी शेजारच्या खुर्चीवर कागद मांडीवर घेऊन बसली होती. तिने मान वर केली, आम्हा दोघींकडे पाहिलं, आणि पेन्सिलीचं टोक पाहत बसली. आई तो सामना जिंकली, म्हणून मी ते विसरायचं ठरवलं.

फायनल नागपूरहून नवीन आलेल्या एका बाईंशी होती. नवरा बँकेत, बदलीवर आलेला. वयाने माझ्याएवढी असेल. तिच्याकडे एकच स्ट्रायकर होता आणि तोही पर्समध्ये, सेफ्टीपिना आणि लिपस्टिकमध्ये पडलेला. धड जड नाही, धड हलका नाही. आईने तो पाहिला आणि माझ्या कानात म्हणाली, "हिच्यासाठी डब्बा उघडायचीही गरज नाई."

पण उघडला. मी बोर्डावर तळवा फिरवला. दोन्ही कूलर पाण्याने काठोकाठ, वाळ्याच्या जाळ्या नवीन, हॉलमध्ये चांगला ओलावा. बोटांवर पावडर चिकटत होती. यात शंका घेण्यासारखं काही नव्हतं. मी कूलरचा दिला. आई म्हणाली, "हां, हाच." आणि सुरुवातीला खरंच तोच होता. रेंगाळणाऱ्या सोंगट्यांना तो नेऊन भोकात टाकत होता. समोरची बाई दोनदा सोंगटी तोंडाशी सोडून मनातल्या मनात चरफडली. आईने राणी घेतली, वर एक घेतली, आणि मावशीला म्हणाली, "लिही व, हात दुखला तर सांग."

मग लाईन गेली.

यवतमाळात मे महिन्यात दुपारी लाईन जाते, हे माहीत नसणारा माणूस यवतमाळचा नाही. तरीही आम्ही सगळ्या कूलर हा भिंतीचाच भाग असल्यासारख्या वागतो. बोर्ड सादळलेला आहे म्हणून मी जड निवडला. बोर्ड कूलरने सादळलेला आहे आणि कूलर विजेवर चालतो, एवढा साधा विचार मी केला नव्हता. इन्व्हर्टरवर दोन ट्यूबलाइट आणि कोपऱ्यातला एक पंखा तेवढा राहिला. थोड्याच वेळात जीव घुसमटायला लागला, म्हणून कोणीतरी दारं-खिडक्या सताड उघडल्या आणि बाहेरची झळ आत आली. गच्चीवर टाकलेल्या कुरडया वाळाव्यात तसा तो बोर्ड आमच्या डोळ्यांदेखत वाळला. पावडर मोकळी झाली, सोंगट्या पळायला लागल्या.

आईच्या आधी मला कळलं, कारण आवाज बदलला होता. तिने नेहमीच्या ताकदीने मारलं. सोंगटी गेली आणि तिच्यामागे स्ट्रायकरही गेला. दंड, मिळवलेली एक सोंगटी परत मध्ये. पुढच्या फेरीत पुन्हा तेच. तिने हात हलका करून पाहिला, पण हलका किती झाला हे तिच्या बोटांना समजत नव्हतं, आणि स्ट्रायकर अर्ध्यातच थांबला. मग चिडून जोरात मारलं आणि तो उडून बोर्डाबाहेर एका बाईच्या मांडीवर पडला. स्ट्रायकर बदलायची सोय नव्हती. समोरची बाई मात्र आपल्या त्या पर्समधल्या स्ट्रायकरने शांतपणे खेळत राहिली. तिला ना कूलरचं काही माहीत होतं, ना हिवाळ्याचं. तो स्ट्रायकर दोन्हीकडे बेताचा चालत होता आणि तेवढं पुरलं. तिने गेम काढला.

टाळ्या वाजल्या. जरा जास्तच वाजल्या. आईला इतकी वर्षं ऐकून घेतलेल्या सगळ्याजणी तिथे होत्या. कोणीतरी मागून म्हणालं, "बाईंचा हात आज काहून असा पडून राह्यला होता?" हात हा शब्द आईने ऐकला. तिने डोकं वर केलं आणि हॉलभर नजर फिरवली. तिला आता दोष ढकलायला कोणीतरी हवं होतं, आणि मी जवळच उभी होते.

"हाताले काय झालं माह्या?" ती मोठ्याने म्हणाली. "स्ट्रायकर हिनं निवडला. म्हटलं शिकू द्या पोरीले. पन हिनं आयुष्यात एक गोष्ट धड निवडली असन तर शपथ. नवरा निवडला, थोही वापस करा लागला. अन् मी हिच्या हाती स्ट्रायकर निवडाले देल्ला, मीच मूर्ख."

हसू फुटलं. नागपूरची बाईसुद्धा, पदर तोंडाशी धरून. माझ्या शाळेतली एक शिक्षिका तिथे होती, तीही हसली. मला आईचा गळा धरावासा वाटला. असं वाटलं म्हणून मला आजही लाज वाटत नाही. मी बोटांचं काम केलं होतं, आणि तिने ती बोटं सगळ्यांसमोर पायाखाली घेतली होती.

मावशी हसली नाही. तिने कागद खुर्चीवर ठेवला आणि उभी राहिली.

"म्हंजे निवडते ही, तू नाई?" तिने आईला विचारलं.

"आज फक्त देल्ला तिले."

"सेमीफायनलले तिनं आधी एक देल्ला, तू म्हटलं हाच. मंग दुसरा देल्ला, तवाही म्हटलं हाच. मी इथंच बसून होती. तूच तर बसवलं मले इथं."

आई म्हणाली, "तुले काय म्हनाचं हाय?"

"कायी नाई." मावशीने माझ्याकडे पाहिलं. "पोरी, दोनही पांढरे पुस अन् तुह्या आईच्या हातावर ठेव. एका हातावर एक. तिनं सांगावं जड कोन्ता. एवढंच. बाकी मी कायी नाई म्हनत."

आई नाही म्हणू शकली असती. पण नाही म्हणणं म्हणजेच कबूल करणं होतं, हे तिथल्या प्रत्येकीला समजत होतं, आणि आईला तर कचेरीपासून समजत होतं. तिने दोन्ही तळवे पुढे केले. मी ओढणीने स्ट्रायकर पुसले. पुसतानाच मला कळलं, जड कोणता. तो मी तिच्या डाव्या हातावर ठेवला आणि हलका उजव्या. मग मी मावशीच्या मागे जाऊन उभी राहिले, जिथून मी फक्त आईलाच दिसत होते.

आईने डोळे मिटले नाहीत. ती थेट माझ्याकडे पाहत होती. त्या चेहऱ्यावर मी भीती पहिल्यांदा पाहिली. काही क्षणांपूर्वी मला तिचा गळा धरायचा होता, आणि आता मला एवढंच वाटत होतं, की ही बाई त्या खुर्चीवर जाऊ नये. मी नजर तिच्या डाव्या हातावर नेली आणि तिथेच ठेवली. पापणी हलवली नाही. तिला दिसलं. तिला दिसलं हे मला दिसलं, कारण तिने माझ्या नजरेमागोमाग आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं, मग पुन्हा माझ्याकडे, आणि तिच्या ओठांचा कोपरा थोडा वाकडा झाला. कचेरीत एखाद्याचा खोटा दाखला पकडल्यावर व्हायचा तसा.

तिने उजवा हात वर केला.

"हा," ती म्हणाली. अव्वल कारकुनाच्या आवाजात, एकदम ठाम.

मावशीने दोन्ही स्ट्रायकर उचलले. तिच्या कापणाऱ्या हातात ते एकमेकांवर आपटत होते. तिने ते नागपूरच्या बाईकडे दिले. बाईने तोलले आणि काही न समजून सरळ सांगून टाकलं, "हा नाही, हा दुसरा जड आहे." मग ते पुढच्या बाईकडे गेले, तिच्याकडून आणखी पुढे. हॉलभर ते दोन स्ट्रायकर हातोहात फिरले. प्रत्येक बाईने ते तोलले आणि प्रत्येक बाईने बरोबर सांगितलं. चहा द्यायला आलेल्या बाईनेसुद्धा ओला हात पदराला पुसून तोलून पाहिलं आणि म्हणाली, "थो." आई मध्ये उभी होती, तळवे अजून तसेच पुढे. ते खाली घ्यायचं तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

मावशी आपल्या खुर्चीवर जाऊन बसली. "पुढच्या वर्षी माह्या बाजूले तुह्यी खुर्ची टाकाले सांगीन," ती म्हणाली. ती मोठ्याने बोलली नव्हती, पण ऐकू सगळ्यांना गेलं.

घरी येताना आई स्कूटीवर माझ्या मागे बसली होती. माझा खांदा तिने इतका घट्ट धरला होता, की रात्री तिथे वळ दिसले. आपण किती जोरात धरलंय, हे तिला समजत नसणार. घरात आल्यावर मी तिला पाणी दिलं. साखरेची गोळी दिली. ती टेबलाशी बसली. मला थांबायला हवं होतं, पण माझ्याने राहवलं नाही.

"मी डाव्याकडं पाहून राह्यली होती," मी म्हटलं. आईशी भांडताना माझी भाषा आपोआप तिच्यासारखी होते. "तुले दिसलं नाई काय?"

"दिसलं."

"मंग?"

"म्हनून तर उजवा सांगितला."

मला आधी कळलंच नाही. तिने गोळी गिळली आणि मला समजावून सांगितलं, जसं एखाद्या अडाणी अर्जदाराला सांगावं. "एवढं बोलली मी तुले सगळ्यायसमोर. मले वाटलं, आता तू चुकीचाच दाखवशीन. मी असती तर चुकीचाच दाखवला असता."

तिच्या बोलण्यात पश्चात्ताप नव्हता, आणि मला दोष देणंही नव्हतं. असंच असतं, एवढंच ती सांगत होती. माझा राग तिथेच संपला. त्याच्या जागी जे आलं ते रागापेक्षा वाईट होतं. दोन वर्षं मी तिची बोटं होऊन राहिले होते, तिच्या घरात, तिच्या बोलण्याखाली. आणि आयुष्यात पहिल्यांदा तिच्यावर वेळ आली, तेव्हा मी तिला वाचवीन असं तिच्या मनालाही शिवलं नव्हतं. तशी मुलगी आपल्याला आहे, हे तिला माहीतच नव्हतं.

तिने ग्लास उचलला, निसटू नये म्हणून दोन्ही हातांनी धरला, आणि घोटभर पाणी पिऊन माझ्याकडे पाहिलं.

"मंग काहून नाई दाखवला चुकीचा?" तिने विचारलं.

ती खरोखरच उत्तराची वाट पाहत होती.